डावा कोपरा

मराठी शिकवणाऱ्या बाईने कबड्डीच्या संघाबरोबर गावोगाव हिंडावे, असा कोठे नियम नाही. परंतु मुलींच्या संघाबरोबर एक महिला प्राध्यापक असली पाहिजे, असा दंडक मात्र आहे. २०२४ च्या जुलैत आमच्या महाविद्यालयात अशा आम्ही चौघी होतो. एक प्रसूतीच्या रजेवर, एक परीक्षा विभागात मानेपर्यंत बुडालेली आणि तिसरीला डॉक्टरांनी जिना चढायचीसुद्धा बंदी केलेली. उरले मी. प्राचार्यांनी बोलावून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त बरोबर जायचे. खेळायचे मुलींनी."

नकार द्यायला काही कारण असावे लागते. ते मजजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी छत्री घेऊन मैदानावर हजर झाले.

आमचे मैदान काळ्या मातीचे. जुलैत त्यात चप्पल रुतते आणि ऑक्टोबरात त्याला भेगा पडतात. खेळण्याजोगे ते मधल्या काळात काही आठवडेच असते. मुलींच्या कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. क्रीडाशिक्षकांनी ते फक्कीने आखले होते आणि पावसाने त्यातल्या दोन रेषा पुसून टाकल्या होत्या. त्या पुसलेल्या रेषांच्या आत अठरा-वीस मुली एकमेकींचे पाय ओढीत होत्या. त्यांतून बाराजणी निवडायच्या होत्या. सात खेळायला आणि पाच राखीव.

लहानपणी आम्ही हुतूतू खेळलो होतो. पण त्या हुतूतूला शिव्या होत्या, नियम नव्हते. आताची कबड्डी म्हणजे एक शास्त्र आहे. चढाई करणारीला तीस सेकंदांचा अवधी. मध्यरेषा ओलांडली की पुढे निदानरेषा. ती ओलांडल्याशिवाय किंवा कोणाला शिवल्याशिवाय परतलीत तर तुम्हीच बाद. भाषेच्या शिक्षिकेला त्यातले शब्दच अधिक आवडले. 'लोण' हे पसरते, एवढेच मी आजवर वर्गात सांगत आले. इथे ते चढते आणि चढवणाऱ्यांना दोन गुण जास्त देऊन जाते. 'निदान' हा शब्द मी डॉक्टरांच्या हवाली केला होता. तो इथे पायाखाली सापडला.

आणखी एक गंमत कळली. मैदानात मुलींना नावे नसतात. क्रीडाशिक्षक हाका मारीत, "ए मध्य! ए उजवा कोपरा!" त्यांतली जी मुलगी माझ्या लक्षात राहिली, ती 'डावा कोपरा' म्हणूनच राहिली. या लेखातही तिला मी तेवढेच म्हणणार आहे.

कोपरारक्षकाचे काम मला फार चमत्कारिक वाटले. सातजणींच्या रांगेत दोन टोकांना दोन कोपरे. चढाई करणारी आत शिरते, उड्या मारते, हात नाचवते, पाय फेकते. मधल्या मुली मागे सरतात, पुढे येतात. कोपरा मात्र वाकून, हात मांडीपाशी ठेवून, नुसता बघत असतो. चढाई करणारी परतायला वळली आणि तिचा मागचा पाय क्षणभर जमिनीवर राहिला, की त्या क्षणी सूर मारून घोटा धरायचा. क्षणभर आधी गेलात तर ती तुम्हांला शिवून पळते; क्षणभर उशीर झाला तर हातात माती येते. म्हणजे कोपऱ्याचे निम्मे काम थांबण्याचे. आमचा डावा कोपरा असा थांबायचा, की बघणाऱ्याला वाटावे, पोरगी विचारात पडली आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर खरचटल्याच्या इतक्या खुणा होत्या, की एकीची खपली पडायच्या आत दुसरी येई.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात शिकतो. त्याला फोनवर मी मोठ्या तोऱ्याने सांगितले, की मी आता एका संघाची व्यवस्थापक आहे. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, इथे येऊन बघ. शनिवारी गावात माणूस राहत नाही. सगळे कॉलेजच्या फुटबॉलला." तो फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. त्यात पायाचे काम थोडे आणि खांद्याचे फार. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा आणि समोरच्या अकराजणांनी तो नेणाऱ्याला आडवे करायचे. तिथल्या महाविद्यालयांत हा खेळ १८६९ पासून चालला आहे. त्या वर्षी ६ नोव्हेंबरला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला, तेव्हा एकेका बाजूला पंचवीस गडी होते आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढे तो इतका आडदांड झाला, की १९०५ साली मैदानावरच्या मृत्यूंमुळे खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या मंडळींना बोलावून समज द्यावी लागली आणि १९०६ पासून चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा मिळाली. भाचा ज्या मैदानाची गोष्ट सांगत होता ते ॲन आर्बरचे. १९२७ साली उघडलेले आणि १,०७,६०१ माणसे बसतील एवढे.

"तुझ्या टीमचं स्टेडियम केवढं आहे?" त्याने विचारले.

"बारा मीटर बाय आठ मीटर," मी म्हणाले, "आणि एक लिंबाचे झाड."

पण फोन ठेवल्यावर मनात आले, की हंगाम हा शेवटी हंगामच. त्यांचा ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबरात सरतो. आमचा जुलैत सुरू होतो आणि दिवाळीच्या अलीकडे संपतो. त्यांच्या बारा सामन्यांवर लाखो डोळे लागतात, आमच्या चार-पाच सामन्यांवर बारा घरांतले. आणि खेळ आमचाही लहान नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन तो जगाला दाखवला होता. १९९० पासून तो आशियाई स्पर्धांत आहे. मुलींना मात्र तिथे पोहोचायला २०१० साल उजाडावे लागले. २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा त्या संघात दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के अशा तीन महाराष्ट्राच्या मुली होत्या आणि राज्य सरकारने प्रत्येकीला एकेक कोटी रुपये दिले. हा शेवटचा तपशील आमच्या संघातल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे. इतिहासाच्या बाकी सनावळ्या पाठ होत नाहीत.

ऑगस्ट गेला, गणपती गेले. जवळच्या दोन महाविद्यालयांशी सरावाचे सामने झाले. एक जिंकला, एक हरला. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कोजागरीनंतर ठरल्या. दसऱ्याला मुली चार दिवस घरी गेल्या. चार दिवसांनी अकरा परत आल्या. डावा कोपरा आला नाही.

फोन लावला तर बंद. तिसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्याने खाली मान घालून सांगितले, "मॅडम, ती येणार नाही. कापूस फुटलाय. आणि तिला पाहायला पाहुणे येणार आहेत."

क्रीडाशिक्षक म्हणाले, "राखीवमधली घेऊ." ते बरोबरच होते. राखीव त्यासाठीच असतात. पण मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबरला, मी जालन्याच्या बसस्थानकावर जाऊन उभी राहिले.

तिचे गाव कुंभार पिंपळगाव. घनसावंगी तालुक्यात, जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोदावरीच्या अंगाला. 'जालना सोने का पालना' असे एक जुने वचन आमच्याकडे आहे. पाळणा शहरापुरता असावा. गाडी बाहेर पडली की त्याचे हेलकावे मात्र खूप बसतात. गाडीत बायकांची गर्दी होती. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि तेव्हापासून माहेर निम्म्याने जवळ आले आहे, असे शेजारची म्हातारी मला म्हणाली. अंबड आले, मत्स्योदरीची टेकडी दिसली. नवरात्रातली तिची यात्रा नुकतीच आटोपली होती; रस्त्याच्या कडेला एका फुगेवाल्याचे सामान अजून बांधायचे राहिले होते.

अंबड मागे पडले आणि दोन्ही बाजूंना पांढरे पसरले. कापूस. मधे मोसंबीच्या बागा, तूर, कापून ढीग लावलेले सोयाबीन आणि मग एकाएकी ऊस. ऊस दिसला की समजावे, कालवा जवळ आहे. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा या भागातून पुढे परभणीकडे जातो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्या धरणाचा पाया घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते लोकार्पण झाले. कालव्याखालचे शिवार हिरवे आणि वरचे आभाळाकडे बघणारे, अशी एकाच गावाची दोन गावे होतात. आमचा डावा कोपरा कोणत्या गावचा, हे मला अजून ठाऊक नव्हते.

घनसावंगीला गाडी बदलली. पुढच्या गाडीत सगळी चर्चा निवडणुकीची. विधानसभेच्या तारखा त्याच दिवशी जाहीर होणार होत्या आणि गाडीतल्या प्रत्येक पुरुषाला त्या आधीच ठाऊक होत्या.

कुंभार पिंपळगाव हे नावाने खेडे, अंगाने बाजारपेठ. फाट्यावर उतरताच दोन्ही बाजूंना दुकाने: बी-बियाणे, खते, मोबाइल, भांडी, लग्नाचे बस्ते. कापसाने भरलेले टेम्पो उभे. मी मराठीची बाई. गावाच्या नावात कुंभार आहे म्हणताच माझे डोळे चाक शोधू लागले. एका पोराला विचारले तर त्याने मला नेमके एका आळीत नेऊन सोडले. तिथे एक म्हातारबाबा ओसरीत बसून पणत्या करीत होते. चाक विजेवर फिरत होते. बटण खाली, हात वर. एका गोळ्यातून पाठोपाठ पणत्या उतरत होत्या आणि दोऱ्याने कापून फळीवर बसत होत्या. ओट्यावर वाळत घातलेल्या पणत्यांची रांग पार शेजारच्या दारापर्यंत गेली होती.

"माती इथलीच का बाबा?" मी विचारले.

"माती इथलीच. पर आणली की लगेच चालत नाय. भिजवायची, तुडवायची, मुरू द्यायची. घाई केली की आव्यात तडकती." त्यांनी मान वर करून विचारले, "कोणाकडं आलाव?"

मी घर सांगितले. ते म्हणाले, "ती खेळती ती पोरगी? आता रानात असंल."

घर कालव्याच्या वरचे निघाले. म्हणजे आभाळाचे.

ती खरेच रानात होती. कमरेला ओटी बांधून बोंडे वेचीत होती, शेजारी आई, पलीकडे चुलती. मला बघून ती जागच्या जागी थांबली. मैदानात थांबते तशीच. वडील बांधावर आले. उन्हाने करपलेला, मितभाषी माणूस. शर्टावर कापसाचे तंतू. "या मॅडम," एवढेच म्हणाले. मग हातातले पोते खाली ठेवून स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी वर्गात तासभर बोलू शकते. इथे मला पहिले वाक्य सापडेना. शेवटी मी कापसाचेच विचारले. ते म्हणाले, "सरकारी हमीभाव साडेसात हजाराला टेकलाय म्हनत्यात. ओला माल म्हनून बाजारात तेवढे कोणी देत नाय. वेचणीला किलोमागं धा रुपये मागत्यात, अन् तरी बाया मिळत नायत. घरची चार मानसं लागली तरच काही उरतं. आता तुमीच सांगा मॅडम, म्या पोरीला खेळाया कशी धाडू?"

मी काय सांगणार? हिशेब चोख होता. मी म्हणाले, "भाऊ, चार दिवसांचा प्रश्न आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात. पोलीस भरतीत आठशे मीटर धावणे आहे, गोळाफेक आहे. तिचे पाय आजच तयार आहेत. विद्यापीठाकडून खेळली, पुढे राज्याला खेळली, तर—"

"तर," ते म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, की माझे वाक्य तिथेच संपले. या माणसाचे सबंध आयुष्य 'तर'वर चालले होते: पाऊस पडला तर, भाव आला तर. आणखी एक 'तर' घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

जेवायला घरी गेलो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण. आजी, म्हणजे वडिलांची आई, उंबऱ्यापाशी बसली होती. पाहुण्यांचे तिनेच काढले. "शुक्रवारी येनार हायेत. मुलगा कंपनीत हाय पुण्याला. पोरगी एकुणीस संपून इसाव्यात गेली बाई. आमच्या टायमाला दोन लेकरं झाली असती." तिच्या सुरात तक्रार नव्हती, तिथी सांगावी तसे ती सांगत होती. शुक्रवार म्हणजे आमचा स्पर्धेचा पहिला दिवस.

परतीची गाडी पाचला होती. दोन वाजले होते. आजी म्हणाली, "आलाच तर जांबाला दर्शन करून जावा. पुन्हा कशाला येता इकडं?" वडिलांनी एका रिक्षावाल्याला हाक मारली. आजी, नात, ते आणि मी असे चौघे निघालो.

जांब समर्थ तिथून जवळच. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला तो इथे; पुढे तोच समर्थ रामदास झाला. गावात राममंदिर आहे, जन्मघर आहे. ज्या संताने कृष्णेच्या खोऱ्यात ठिकठिकाणी मारुती उभे केले आणि तरुणांना बलोपासना सांगितली, त्याच्या अंगणात एका कबड्डीपटूला घेऊन मी उभी होते. याचा काही उपयोग करून घ्यावा, असे माझ्या मनात आले, हे मी कबूल करते. मी वडिलांना म्हणाले, "बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता. भटजी 'सावधान' म्हणाले आणि तो सावध झाला. अंतरपाटावरून पळाला."

"ठावं हाय," ते म्हणाले. "आमच्या शिवारातलीच गोष्ट हाय ती." थोडा वेळ ते गाभाऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तो पळाला तर त्याला समर्थ म्हनले. पोरगी पळाली तर काय म्हनत्यात?"

मला उत्तर आले नाही. वीस वर्षे मी संतवाङ्मय शिकवते आहे. हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मी कधी काढला नव्हता.

उत्तर दिले ते आजीने. परंतु तिने ते मला दिले नाही, लेकाला दिले. ती पायरीवर बसून पाय चोळीत होती. म्हणाली, "तो पळाला ते सांगत्यात समदे. त्याची माय राणूबाई, चोवीस वरीस वाट बघत बसली, तिचे डोळे गेले, ते कोन सांगतं? न सांगता गेला म्हनून. सांगून गेला असता तर डोळे गेले नसते." मग नातीकडे हनुवटी करून म्हणाली, "ही काय पळून चालली का? सांगूनच चालली ना? बाई न्यायाला आली, बाई आनून घालील. चार दिसांनी पाहुनं आलं तर काय त्यांचं लगीन मोडतं?"

नात इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, "अण्णा, मी आल्यावर रात्री बॅटरी लावून येचते. डाव्या बांधाकडचा सगळा मी येचते." पाटण्याचे एक कोटी रुपये तिने काढले नाहीत. मला वाटले होते, ती काढील.

वडील काहीच बोलले नाहीत. परतताना रिक्षा कालव्यावरून गेली. त्या वर्षी नाथसागर भरला होता आणि चारीचारीला पाणी खेळणार, ही वार्ता गावात आधीच येऊन पोहोचली होती. ते त्या कालव्याकडे बघत होते. कालव्याच्या वर शेत असलेला माणूस कालव्याकडे कसा बघतो, हे त्या दिवशी मला दिसले. फाट्यावर उतरल्यावर ते पोरीला म्हणाले, "जा, पिशवी भरून आन. गाडी जाईल." आणि मला म्हणाले, "पाहुनं थांबतील. नाय थांबले तर नाय थांबले."

गाडी येईपर्यंत कुंभारबाबा काठी टेकीत तिथे आले होते. त्यांनी कागदात गुंडाळलेल्या पाच पणत्या माझ्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत. "आव्यातल्या हायेत, पक्क्या," म्हणाले.

स्पर्धा दुसऱ्या तालुक्याच्या गावी, एका सभागृहात होती. तिथे मॅट होती. आमच्या मुली मातीत वाढलेल्या. मॅटवर बूट लागतात आणि बुटांत पाय सापडत नाही. पहिल्या सामन्यात अर्धा वेळ त्या बर्फावर चालल्यासारख्या चालत होत्या. मग सरावल्या. पहिला सामना सहा गुणांनी जिंकला, दुसरा अकरा. उपान्त्यपूर्व फेरीत आमची मुख्य चढाईपटू खांदा दुखावून बाहेर बसली, तो सामना सगळा पकडींवर निघाला. उपान्त्य फेरीत शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही लोण चढवले. रात्री धर्मशाळेत बाराजणींना मी झोपवायचा प्रयत्न केला. त्यांनी मला झोपू दिले नाही.

अंतिम सामन्याच्या वेळी मी सहज मागे पाहिले, तर दारापाशी गर्दीत एक ओळखीचा शर्ट. कापसाचे तंतू तसेच. ते कसे आले, कोणाच्या गाडीवर आले, मी विचारले नाही.

शेवटची चढाई प्रतिस्पर्ध्यांची होती. आम्ही सत्तावीस, ते सव्वीस. आमच्या तिघी मैदानात उरलेल्या. त्यांत डावा कोपरा. चढाई करणारी उंच होती, लांब पायांची. ती निदानरेषा ओलांडून आत आली, डावीकडे झुकली, उजवीकडे गेली. आमच्या तिघी मागे सरल्या. सेकंद सरत होते. तिला गुण हवाच होता. आम्हांला नुसते उभे राहिले तरी चालले असते. ती एकदम खोल शिरली आणि वळली, मागचा पाय जमिनीवर राहिला. डाव्या कोपऱ्याने सूर मारला आणि घोटा धरला. मधली धावून आली आणि तिने कमर धरली. सभागृहात एकच आरोळी उठली. मीही ओरडले असेन. मला आठवत नाही. चढाई करणारी खाली पडली, पण पडता पडता तिने अंग लांबवले, हात लांबवला आणि दोन बोटांची टोके मध्यरेषेला टेकवली.

दोन गडी बाद, दोन गुण. सत्तावीस विरुद्ध अठ्ठावीस.

डावा कोपरा उठला तेव्हा तिचा हात अजून मूठ वळलेला होता. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, मी घोटा सोडला नव्हता." खरेच, तिने सोडला नव्हता. समोरची लांब होती, एवढेच. ती थांबली असती तर आम्ही जिंकलो असतो का, यावर क्रीडाशिक्षक आणि मी परतीच्या गाडीत दोन तास वाद घातला. ते म्हणाले, वेळ काढायला हवी होती. मी म्हणाले, पाय समोर असताना कोपरा थांबला तर तो कोपरा कसला? मी नियमांविषयी काही तरी बोलले, ही गोष्ट त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिली.

वडील दारापाशी भेटले. त्यांनी मला एकच विचारले, "रेघेला बोट खरंच लागलं का?"

"लागले," मी म्हणाले. "मी बघितले."

"मग बराबर हाय," ते म्हणाले. आणि पोरीला घेऊन गेले. दोन रात्री बॅटरी लावून तिने डाव्या बांधाकडचा कापूस वेचला, हे मला नंतर कळले.

पाहुणे दिवाळीनंतर आले. जानेवारीत एकदा वडिलांचा फोन आला. म्हणाले, "त्यांनी नकार कळवला मॅडम. पोरीच्या गुडघ्यावर खुणा हायेत म्हने." मला काय बोलावे कळेना. तेवढ्यात फोनवर ते हसल्याचा आवाज आला. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना ऐकले नव्हते. "म्या म्हनलं, त्या खुणा कशाच्या हायेत ते विद्यापीठाला इचारा." विद्यापीठाच्या निवड शिबिराला तिला बोलावणे आले होते. अंतिम बाराजणींत ती बसली नाही. पण शिबिराला जाऊन आलेली मुलगी कुंभार पिंपळगावच्या त्या आळीत ती पहिलीच, असे आजी सगळ्यांना सांगत होती.

ही झाली गेल्या हंगामाची गोष्ट. या वर्षी ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि संघाची कर्णधार आहे. सकाळी आठशे मीटर धावते आणि मग मैदानावर येते. मीही येते, आता मला कोणी नेमलेले नाही. परंतु या सप्टेंबरात मराठवाड्यावर पावसाने जो कहर केला, तो वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलाच आहे. गोदावरीला पूर आला, शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली. कालव्याच्या वरची आणि खालची, दोन्ही गावे या वेळी एकच झाली. डावा कोपरा नवरात्रात घरी गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. मी म्हणाले, "या वेळी लवकर आलीस."

"वेचायला कापूसच नाही मॅडम," ती म्हणाली.

तिच्या हातात कागदाची पुडी होती. कुंभारबाबांच्या ओट्यावरच्या पणत्या भिजून मातीला मिळाल्या होत्या. आव्यातून निघालेल्या तेवढ्या राहिल्या. त्यांतल्या पाच त्यांनी माझ्यासाठी पाठवल्या होत्या. गेल्या वर्षीच्या पाच माझ्याकडे आहेतच. या दिवाळीला दहा लावीन.

मैदान अजून ओले आहे. काल आम्ही सगळ्यांनी मिळून फक्कीने रेषा पुन्हा आखल्या.